स्कूटर आणायला गेलो होतो

गाडी घेताना शोरूमवाला सगळं सांगतो. पहिलं सर्व्हिसिंग कधी, ऑइल कुठलं, टायरमध्ये हवा किती. एवढंच सांगत नाही की या गाडीबरोबर किस्सेही मिळतात आणि ते ठेवायला हिला डिकी नाही! माझ्याकडे आता इतके साठलेत की झाँसीच्या आमच्या मराठी मंडळात मी नुसता पाणी प्यायला उठलो तरी मागून कोणीतरी ओरडतं, "साठे, गाडीचं सांगा!" अरे, तुमची करमणूक होते. इथे माझी गाडी जायची वेळ आली होती!

पाडव्याला मी गेलो होतो स्कूटर घ्यायला. हे मान्य. आमच्या सौ., म्हणजे वृंदा, हे वाक्य रोज ऐकवतात. त्यांनी बजावून पाठवलं होतं की पुढे पाय ठेवायला सपाट जागा पाहिजे, तिथे सिलिंडर मावलं पाहिजे, आणि मागची सीट माणसांना बसण्यासारखी पाहिजे.

शोरूममध्ये कोपऱ्यात ही उभी होती. छोटीशी मोटारसायकल, अंगावर प्लॅस्टिकचं एक पान नाही, इंजिन उघडं, टाकी बैलाच्या खांद्यासारखी. मी सहज बसून पाहिलं. सेल्समन म्हणाला, "सर, आप पर जँच रही है!"

एक्कावन्न वर्षांत मला हे वाक्य कोणी म्हटलं नव्हतं. लग्नातसुद्धा!

घरी आणली. कॉलेजात जाणारी आमची मुक्ता बाहेर आली. "पप्पा, मस्त लगती है! पण मम्मी बसेल कुठे?" हा प्रश्न शोरूममध्ये कोणालाच सुचला नव्हता. मागची सीट म्हणजे जेवायच्या पाटाचा चतकोर तुकडा, तोही पुढे उतरता.

"हा काय प्रकार आहे?" वृंदानं दारातून विचारलं.

"याला नेकेड बाईक म्हणतात."

"या वयात?"

आणि तिथल्या तिथे निकाल लागला. "दसऱ्याला या दारात स्कूटरची पूजा होईल. तोवर काय मिरवायचं ते मिरवा."

*

तरीही एकदा ती बसली. सीपरी बाजारात साडी फॉल लावायला टाकायची होती आणि ऑटोवाल्यांचा संप होता. बसली म्हणजे काय, आधी पायरीवर चढली, मग कठड्यावर, आणि तिथून सीटवर. जाताना एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, आवडली!

बाजारात पोचल्यावर प्रश्न आला उतरण्याचा. तिथे ना पायरी ना कठडा. शेवटी एका केळीवाल्यानं आपली हातगाडी आडवी लावली. वृंदा हातगाडीवर उतरली, मग खाली. केळीवाला म्हणाला, "भाभीजी, एक दर्जन तो ले ही लो अब."

परत यायच्या वेळेला संप मिटला होता. ती सरळ ऑटोत जाऊन बसली. माझीच बायको ऑटोनं चालली आणि मी मागे कसा राहू? मी गाडी ऑटोला लावून चालवायला लागलो. "अहो, ऐका तरी!" "अगं, मागे कुशन लावून घेऊ!" ती समोर बघतेय. मी आणखी जवळ गेलो. शेवटी ऑटोवाल्यानं ऑटो हळू केला, माझ्याकडे खाऊ का गिळू असं पाहिलं आणि तिला विचारलं, "बहनजी, ये आदमी परेशान कर रहा है क्या?"

वृंदा म्हणाली, "हाँ भैया. पच्चीस साल से."

*

मग आला मे महिना. झाँसीचा मे ज्यांनी पाहिला नाही त्यांना उन्हाळा हा शब्द वापरायचा हक्कच नाही. आमच्या रेल्वेच्या ऑफिसबाहेर एक कडुनिंब आहे. सकाळी मी गाडी त्याच्या सावलीत लावायचो. दुपारी सावली शेजारच्या साहेबांच्या कारवर जायची. झाडालासुद्धा ग्रेड कळते!

माझ्या शेजारच्या टेबलावर तिवारीजी बसतात. एका दुपारी ते म्हणाले, "साठेजी, चाबी देना, पान खाके आते हैं." मी सावध करायच्या आत गेलेसुद्धा. काळी सीट, चार तासांचं ऊन. बसले त्याच्या दुप्पट वेगानं उठले. आत आले, खुर्चीवर बसले नाहीत, उभ्यानंच म्हणाले, "आपकी गाड़ी बैठने के लिए है कि सेंकने के लिए?"

दुसऱ्या दिवशी हा गृहस्थ घरून उडदाचा पापड घेऊन आला! टाकीवर ठेवला. थोड्या वेळानं उलटला. पापड असा फुलला की सगळ्या सेक्शननं चहाबरोबर खाल्ला. खोटं वाटत असेल त्यानं मे महिन्यात झाँसीला यावं. पापड आपला आणावा.

मी मोठ्या कौतुकानं हे घरी सांगितलं. वृंदा म्हणाली, "घरात नाही तर नाही, कुठेतरी स्वयंपाकाला उपयोगी पडली!"

*

पावसाळ्यात कळलं की मागचं मडगार्ड कंपनीनं नुसतं दिसायला लावलंय. रस्त्यावरचा सगळा चिखल मागच्या चाकावरून निघतो आणि माझ्या पाठीवर कमरेपासून कॉलरपर्यंत सरळ पट्टा मारतो. रेनकोट घातला तर चिखल आतून जातो. कसा, ते विचारू नका, मलाच अजून कळलेलं नाही. वृंदा शर्ट धुताना काही बोलायची नाही. आपटायची. ते मला बेडरूमपर्यंत ऐकू यायचं.

तिवारीजींनी मात्र त्यातून एक शास्त्र काढलं. माझी पाठ बघून मी कुठून आलो ते सांगायचे. लाल पट्टा असला तर खंडेराव गेट, तिथे खोदकाम चाललं होतं. काळा असला तर सीपरी बाजारची भाजी मंडई.

एका सकाळी मला चांगलाच उशीर झाला. साहेब दारातच उभे. मी म्हटलं, "सर, फाटक बंद था. आधा घंटा खड़ा रहा."

साहेबांनी मान हलवली. मी सुटलो म्हणून टेबलाकडे वळलो, आणि मागून तिवारीजींचा आवाज आला, "सर, पीठ पे धनिया लगा है."

*

आता या गाडीबद्दल लोक विचारतात काय? एकच. "कितना देती है?" चालते कशी, थांबते कशी, बायको बोलते का, याच्याशी कोणाला देणंघेणं नाही. ॲव्हरेज सांगा!

एकदा चौकात पोलिसानं हात केला. हेल्मेट डोक्यावर, कागद खिशात. बाजूला घेतली. तो गाडीभोवती एक फेरी मारून आला, माझ्या कानाशी वाकला. "सच बताइएगा. देती कितना है?"

पण हेही परवडलं. आमच्या ओळखीतले एक काका गेले, त्यांच्या घरी भेटायला गेलो होतो. मुलगा टक्कल करून बसलेला. मी जवळ बसलो, त्यानं डोळे पुसले, मलाही भरून आलं. निघताना तो रीतीप्रमाणे फाटकापर्यंत आला. हात जोडले. मीही जोडले. तो एकदम थांबला, गाडीकडे बघितलं आणि हुंदका आवरत म्हणाला, "दादा... शहरात पन्नास तरी देते?"

*

असं करत करत भाद्रपद आला. दसरा जवळ येत होता आणि वृंदानं स्वतः गिऱ्हाईक शोधून ठेवलं होतं. चिरगाँवचे परिहारजी, खताचं दुकान. पितृपक्ष लागायच्या आत येऊन गाडी नेणार होते. मी रोज रात्री पुसून ठेवायचो आणि ती रोज बघायची.

गणेश चतुर्थीला आमच्याकडे एक मोठी अडचण असते. मराठी घरं शहरभर विखुरलेली आणि गणपतीची पूजा सांगणारे गुरुजी एकच. पुराणिक गुरुजी. पूर्वज पेशव्यांच्या वेळी आले, तेव्हापासून यांच्या घरात पूजाच सांगतात. एका सकाळीत सगळी घरं उरकायची. दरवर्षी त्यांना कारमधून फिरवणारी मंडळी या वर्षी पुण्याला गेलेली. मंडळानं ते काम माझ्यावर टाकलं.

"मोटारसायकलवर? सोवळ्यात?" गुरुजी म्हणाले. पण इलाज नव्हता. हेल्मेट धुऊन, गंगाजल शिंपडून त्यांनी शेंडीवर चढवलं आणि बसण्याआधी अट घातली, "साठे, मी सोवळ्यात आहे. तुमचा स्पर्श व्हायला नको."

आता सीट पुढे उतरती! मी ब्रेक लावला की गुरुजी सोवळ्याच्या रेशमी कदासकट घसरत माझ्या पाठीपर्यंत यायचे आणि ओरडायचे, "ब्रेक नको! ब्रेक नको!" त्या दिवशी मी अर्धी झाँसी ब्रेकशिवाय फिरलोय. नुसत्या हॉर्नवर.

शेवटचं घर आमचं होतं. सीपरी बाजारात अडकलो. पुढे ट्रॅक्टर, मागे ऑटो, मुंगीला वाट नाही. वृंदाचा फोन आला. "गुरुजी, वेळ टळत चाललीय! सगळी तयारी करून बसलेय मी."

गुरुजींनी आकाशाकडे बघितलं. "वहिनी, मूर्तीच्या हृदयाला हात लावा. फोन स्पीकरवर ठेवा." आणि तिथेच, माझ्या मागे, डाव्या हातात मोबाईल आणि उजव्या हातानं सीटमागचं हँडल घट्ट धरून त्यांनी खणखणीत आवाजात प्राणप्रतिष्ठेचे मंत्र म्हणायला सुरुवात केली. ऑटोवाल्यांनी इंजिनं बंद केली. ट्रॅक्टरवाल्यानं हात जोडले.

घरी पोचलो. पूजा झाली, आरती झाली, मोदक झाले. विडा घ्यायला गुरुजींनी उजवा हात पुढे केला आणि तसेच थांबले. तळहाताकडे बघत बसले.

"साठे, मंत्र म्हणताना माझा हा हात कुठे होता?"

"गाडीवर."

"गाडीवर म्हणजे?" वृंदा स्वयंपाकघरातून बाहेर आली.

गुरुजींनी विडा घेतला. मग म्हणाले, "वहिनी, गाडीत प्राण आले असं मी म्हणत नाही. आले नाहीत असंही माझ्यानं म्हणवत नाही. दुसऱ्याच्या हाती देणार असाल तर उत्तरपूजा करून द्या."

वृंदा देवाधर्माच्या बाबतीत कोणाशी वाद घालत नाही. परिहारजी यायच्या दिवशी तिनं गुरुजींना बोलावलं. हेडलाइटला हळदकुंकू, टाकीवर अक्षता, हँडलवर दूर्वा. हसण्याचा भाग सोडा, त्या सकाळी मला चहा गेला नाही. मुक्ता म्हणाली, "पप्पा, रडू नका ना," तर मी म्हटलं, "धूर गेलाय, उदबत्तीचा." गुरुजींनी मूर्ती हलवतात तशी गाडी हँडल धरून जराशी हलवली आणि सवयीनं शेवट केला, "पुनरागमनाय च." परत येण्यासाठी!

परिहारजी खूश. "वाह पंडितजी! ऐसी बिदाई तो हमने लड़की की भी नहीं देखी!" किक मारल्यासारखा सेल्फ मारला आणि गेले. वृंदा त्याच संध्याकाळी स्कूटरचा रंग बघून आली.

चौथ्या दिवशी दारात एक टेम्पो थांबला. मागे दोरीनं बांधलेली माझी गाडी. हेडलाइटवर हळदकुंकू तसंच. परिहारजी उतरले ते हात जोडूनच.

"भाभीजी, हमाए पैसा लौटा दो."

"काय झालं? बिगड़ गई क्या?"

"बिगड़ती तो बनवा लेते! घर तक तो आ गई, अब दुकान की तरफ मुँह करो तो साँस नहीं लेती. झाँसी की तरफ मुँह करो तो एक सेल्फ में चालू! तीन मिस्त्री हाथ जोड़ गए."

गाडी उतरवली. तोंड आमच्या दाराकडे. मी सेल्फचं बटण नुसतं दाबलं. सुरू!

वृंदानं गाडीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. आत जाऊन पैसे आणून परिहारजींच्या हातात ठेवले. मग तिथेच उभं राहून गुरुजींना फोन लावला.

"गुरुजी, गाडी परत आलीय. पुन्हा एकदा उत्तरपूजा करायला येता का? फक्त ते शेवटचे दोन शब्द तेवढे गाळा."

मग गुरुजी म्हणाले, "गाळतो की. पण वहिनी, माझं आता वय झालं. एकदा जिभेला गाळायची सवय लागली, तर पुढच्या वर्षी तुमच्या गणपतीच्या उत्तरपूजेतही गळतील. चालेल?"