मेल भेटला का जी?

आमच्या सालेकशाच्या बचतगट केंद्राच्या ऑफिसात अल्का मेश्राम कॉम्प्युटरवर बसते. बाई भांडखोर, पण कामाला वाघ. मोहफुलांचे लाडू करणाऱ्या बायकांचे सगळे कागद नागपूरच्या मुख्य ऑफिसला तीच मेल करते. आणि मेल गेला की लगेच फोन लावते, "मेल भेटला का जी?"

यावरून आम्ही तिची काय कमी थट्टा केली! पण तिचं म्हणणं एकच. लग्नाची पत्रिका नुसती पाठवून दिली, वर तोंडाने विचारलं नाही, तर आपल्याकडे पाव्हणे रुसून बसतात. मग मेलचा काय भरवसा? नागपूरचा सर्व्हर तर महालहरी. इकडे स्क्रीनवर 'पाठवला' दिसायचं, तिकडे पत्ताच नसायचा.

यंदा दिल्लीच्या मेळ्यात आमच्या साऱ्या केंद्रांतून एकाच गटाला स्टॉल मिळणार होता. कुंदाबाईच्या गटाने त्यासाठी जिवाचं रान केलं होतं. अर्ज त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पोचायला हवा होता, ऑफिसच्या मेलवरून नाहीतर हातोहात. अल्काने सकाळीच पाठवला आणि फोन लावला. आला नव्हता. पुन्हा पाठवायला गेली तर स्क्रीन पांढरी पडली आणि मेलचा प्रोग्रामच अडकला. कुंदाबाई रडायला लागली.

"काऊन रडून राहिली बाई? मेल नाही जात त आपण जाऊ!" अल्काने अर्ज छापला, लाडवांचा डबा घेतला आणि दोघी गाडीत बसल्या.

नागपूरचे साहेब निवांत होते. म्हणाले, "यंदा अर्जच आले नाहीत."

"कोनाचाच नाही आला, अन् तुमाले नवल नाही वाटलं?" अल्का भडकली. तिने तिथलाच फोन ओढून चिचगडच्या केंद्राला लावला.

कुंदाबाईने तिचा हात धरला. "कायले सांगून राहिली? आपलाच अर्ज आहे ना!"

"एकटीच्या पंगतीत मान कायचा? जिंकू त सगळ्यायच्या समोर!"

तिने एकेका केंद्राला फोन केला आणि साहेबांकडून मुदत वाढवून घेतली. अर्ज आले, डबे आले, लाडू चाखले गेले. कुंदाबाईचाच गट निवडला गेला. आम्ही ऑफिसात फटाके फोडले, मला तर लाजच वाटली नाही नाचायची.

परवा दिल्लीहून भरल्या स्टॉलचा फोटो आला. अल्का तो बघते न बघते तोच फोन वाजला. पलीकडून कुंदाबाई ओरडत होती, "फोटो भेटला का जी?"

"भेटला वो बाई, भेटला!" अल्का म्हणाली, आणि एवढी भांडखोर बाई सगळ्यांसमोर रडली.