चंपाआत्या आणि चिखलातलं वऱ्हाड

मे महिन्यात तलासरीत कुणी स्वेटर घालताना दिसलं, तर माणूस आधी पाणी विचारतो आणि मग घरच्यांचा फोन नंबर. मीही तेच केलं. भर दुपारी डहाणूच्या एसटीतून उतरून साठी ओलांडलेली एक बाई माझ्या दुकानात आली. तिने दाराबाहेर चपला काढल्या, पिशवीतून निळा लोकरी स्वेटर काढून अंगात चढवला, गळ्यापर्यंत बटणं लावली आणि मग ती माझ्या कम्प्युटरसमोर बसली. "एसी कुठाय?" तिने विचारलं. एसी नाही, पंखा आहे, तोही लाइट असली तर, असं मी सांगितलं. त्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी ऑपरेशन थिएटरात कोंबड्या पाळल्या होत्या.

ही चंपाआत्या. तिची सगळी नोकरी मुंबईतल्या एका कम्प्युटर सेंटरात गेली. तेव्हाचा कम्प्युटर म्हणजे हॉलभर कपाटं, आणि तो तापू नये म्हणून हॉल असा गार ठेवलेला की माणसांचे दात वाजायचे. तीस-बत्तीस वर्षं तिथे काढल्यावर कम्प्युटर आणि थंडी या दोन गोष्टी तिच्या डोक्यात कायमच्या चिकटल्या होत्या. घाम निथळत असला तरी स्वेटर निघायचा नाही. मी एकदा काढा म्हटलं, तर म्हणाली, "मशीनसमोर कसंही बसायचं नसतं."

माझं दुकान झेरॉक्सचं, दाखल्यांचं आणि मोबाइल दुरुस्तीचं. पाटीवर मी 'जुना डेटा परत काढून मिळेल' असं लिहून ठेवलं होतं. त्याचा अर्थ एवढाच की गुजरातच्या हद्दीवर, अच्छाडच्या नाक्याला थांबणाऱ्या ट्रकवाल्यांच्या फोनमधून पुसले गेलेले फोटो मी परत आणून देत असे. आत्याने ती पाटी बसमधून वाचली आणि शब्दशः घेतली. पापडाच्या गोल डब्यातून तिने जेवणाच्या ताटाएवढं एक रीळ काढून टेबलावर ठेवलं. त्यावर तपकिरी टेप गुंडाळलेली होती. "हा जुना डेटा," ती म्हणाली. "काढ."

मी तिला काय विचारायला हवं होतं ते सुचेपर्यंत तिने सगळी हकिगत सांगून टाकली. आत्या डहाणूच्या किनाऱ्यावरच्या मासेमारी करणाऱ्या घरातली. वडिलांची होडी होती. पोरगी गणितात तरबेज निघाली, मुंबईला शिकली आणि तिथेच चिकटली. लग्न का नाही केलं, असं कुणी विचारलं की ती एका शब्दात सांगायची, "रात्रपाळी." तर चाळीसेक वर्षांपूर्वी अशाच एका रात्रपाळीत तिने भरती-ओहोटीची वेळ काढणारा प्रोग्राम लिहिला. वडिलांनी आठवून आठवून सांगितलेल्या जुन्या वेळा त्यात भरल्या. आणि धाकट्या भावाच्या, म्हणजे हरेश्वरकाकांच्या, लग्नाचं वऱ्हाड झाईला, नवरीच्या गावी, होडीने जायचं ठरलं, तेव्हा निघायची वेळ तिने त्या प्रोग्रामवरून काढली.

वडील म्हणत होते, तासभर आधी निघू. आत्याने त्यांच्यासमोर छापील कागद धरला. लाखो रुपयांच्या मशीनपुढे म्हाताऱ्याने मान तुकवली आणि वऱ्हाड कागदाप्रमाणे निघालं. झाईच्या खाडीच्या तोंडाशी पोचेपर्यंत पाणी उतरायला लागलं होतं. होडी चिखलात बसली ती बसलीच. मुहूर्त डोळ्यांदेखत टळला. किनाऱ्यावर मुलीकडचे उभे, मधे गुडघाभर चिखल. शेवटी बँडवाले उतरून चिखलात वाजवत निघाले, त्यांच्यामागे नवरदेव मामाच्या खांद्यावर, आणि मामा मधेच रुतला. नवरी हसली म्हणतात. पुढे सगळे सण, सगळी बारशी, सगळी साखरपुड्याची जेवणं या एका गोष्टीवर पार पडली. कुणी नुसतं घड्याळाकडे पाहिलं तरी हरेश्वरकाका म्हणायचे, "थांबा, माझ्या ताईच्या कम्प्युटरला विचारू, किती वाजता रुतायचं ते."

आत्याचं म्हणणं वेगळं होतं. प्रोग्राम बरोबर होता. नवरदेव आरशासमोर पावडर थापत बसला म्हणून उशीर झाला. दोघांनी आपापली बाजू चाळीस वर्षं लावून धरली होती. सेंटरचं जुनं मशीन भंगारात निघालं तेव्हा आत्याने आपली टेप तेवढी घरी आणली, पण ती चालवायला मशीनच उरलं नव्हतं. आता निवृत्त होऊन ती डहाणूला भावाच्याच घरी राहत होती, आणि तिने कुठेतरी वाचलं होतं की त्या जुन्या मशीनचं हुबेहूब सोंग घेणारा प्रोग्राम निघालाय, आणि तो साध्या लॅपटॉपवरसुद्धा चालतो. म्हणजे टेपवरचा प्रोग्राम काढला, सोंगाड्या मशीनला दिला आणि लग्नाची तारीख घातली की निकाल लागला.

"मला मरायच्या आधी एवढंच बघायचंय," ती म्हणाली, "चूक माझी होती की त्याची."

मी म्हटलं, आत्या, एवढ्या वर्षांनी टेपवर काही राहिलं नसेल. तिने बोट वर केलं. "आधी जॉब रन होऊ दे, मग बोल." जॉब म्हणजे मशीनला दिलेलं काम, आणि हे तिचं ठरलेलं वाक्य. कुकरची शिट्टी, निवडणुकीचा निकाल, शेजारच्या पोरीचं जमत आलेलं लग्न, सगळ्याला तिचा हाच शेरा असायचा.

टेप ओलसर आणि चिकट झाली होती. दमट हवेत जुन्या टेपांचं असं होतं. मंद उबेत त्या वाळवाव्या लागतात. हे आत्याने घरी बोलून दाखवलं, हीच चूक झाली. वाळवण म्हटल्यावर हरेश्वरकाकांना कुणी शिकवायची गरज नव्हती. आत्या बाजारात गेली तेवढ्यात त्यांनी मदत म्हणून टेप उलगडली आणि अंगणात बोंबील वाळत घालायच्या बांबूंवर, दोन बोंबलांमधे एक पदर अशी, व्यवस्थित लटकवली. आत्या परतली तेव्हा शेजारची मांजर टेपचं टोक तोंडात धरून गल्लीतून चालली होती आणि मागून टेप उलगडत होती. काकांचं म्हणणं, मांजरीने सुद्धा चव घेऊन सोडून दिली, म्हणजे तुझ्या प्रोग्राममधे काही दम नाय. भावा-बहिणीचं दोन दिवस बोलणं बंद होतं. नशीब, टेपची सुरुवात कोरीच असते. मांजरीच्या वाट्याला आलं त्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

मग आत्याने ती पुसून परत गुंडाळली आणि बचत गटाच्या बायकांकडे नेली. त्यांच्याकडे चिकूच्या चकत्या वाळवायचं यंत्र होतं. हा कसला पापड, असं बायकांनी विचारलं. मुंबईचा, असं आत्याने सांगितलं. रात्रभर चिकू आणि टेप एकाच यंत्रात शेजारी शेजारी वाळले. सकाळी टेप खुटखुटीत झाली होती. गटाच्या अध्यक्षीण बाईंनी हिला किलोला भाव काय मिळतो, अशी चौकशीही करून ठेवली.

टेप वाचायचं यंत्र वापीला एका निवृत्त इंजिनिअरच्या गॅरेजात निघालं. त्यांचं नाव किकूभाई. मी आत्याला बाइकवर मागे बसवून निघालो. अच्छाड ओलांडल्यावर गुजरातच्या पोलिसांनी हात केला. तिकडे दारूबंदी, त्यामुळे डब्यावर संशय. हवालदाराने डबा उघडला, वास घेतला आणि लगेच झाकण लावून आम्हाला पुढे जायला सांगितलं. चिकू आणि बोंबील यांचा एकत्र वास याआधी त्याने घेतला नसावा.

किकूभाईंनी मात्र नाकाला रुमाल लावला आणि हात जोडले. "बेन, मारूं मशीन शाकाहारी छे."

आत्याने त्यांना लग्नाची गोष्ट ऐकवली. मामा रुतला तिथे ते एवढे हसले की रुमाल गळून पडला, आणि मशीनचं सोवळं सुटलं. रीळ फिरायला लागलं तशी आत्या स्वेटरची बटणं लावून ताठ उभी राहिली. टेप दोनदा अडली, तिसऱ्यांदा शेवटपर्यंत गेली. एवढं मोठं ताट माझ्या पेनड्राइव्हच्या एका कोपऱ्यात मावलं. आत्याने पेनड्राइव्ह हातात घेऊन उलटासुलटा पाहिला आणि म्हणाली, "एवढंसं? मी जन्मभर एवढंसंच केलं?" मग स्वतःच हसली. मला मात्र त्या क्षणी तिच्याबद्दल फार वाईट वाटलं.

दुकानात येऊन फाइल उघडली तर पडद्यावर नुसता कचरा. मी व्हायरस म्हटलं. आत्या म्हणाली, तसं नाही, त्या मशीनची बाराखडी निराळी होती. तिने मला अक्षरांचा तक्ता तोंडपाठ सांगितला, मी तसा बदल केला, आणि कचऱ्यातून तिचा प्रोग्राम ओळीओळीने वर आला. पहिल्याच ओळीत तिचं नाव होतं. आत्या पदराने चष्मा पुसायला गेली, तर पदर स्वेटरच्या आत अडकला.

सोंगाड्या मशीन बसवायला महिना गेला. त्याचे हुकूम मला समजत नव्हते. आत्या डोळे मिटून सांगायची आणि मी टाइप करायचो. अखेर लग्नाची तारीख घातली, बटण दाबलं आणि उत्तर आलं. आत्या भडकली.

"एवढ्यात? हे काय खरं नाही. जॉब दिला की चहा पिऊन यायला वेळ मिळाला पाहिजे."

म्हणून आम्ही समोरच्या टपरीवर जाऊन चहा प्यायलो आणि आल्यावर पडद्यावरचं उत्तर वाचलं. तीच वेळ. चाळीस वर्षांपूर्वी कागदावर छापलेली, वऱ्हाड चिखलात घालणारी, अगदी तीच. मग तिने प्रोग्राम एकेक ओळ वाचत नेला आणि मधे एका ओळीवर बोट ठेवलं. मुंबईपेक्षा डहाणूचं पाणी उशिरा चढतं, म्हणून तिने तेवढा फरक प्रत्येक वेळेत मिळवला होता. पण वडिलांनी दिलेल्या वेळा डहाणूच्याच होत्या. त्या माणसाने मुंबईची भरती जन्मात पाहिली नव्हती. म्हणजे वेळ विनाकारण पुढे गेली. चूक तिची, निखालस तिचीच होती.

मी तिच्याकडे बघायचं टाळत होतो. पण आत्या टाळ्या वाजवत होती. "बघ, तीच चूक! अजून जशीच्या तशी! बोंबील लागले, मांजर लागली, चिकू लागले, एक अक्षर हललं नाही." नोकरीतला सगळा अभिमान तिच्या चेहऱ्यावर होता. हरल्यावर एवढं खूश झालेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

त्याच संध्याकाळी तिने घरी जाऊन भावापुढे कबुली दिली. काकांनी ज्याची चाळीस वर्षं वाट पाहिली तो विजय त्यांच्या पुढ्यात आयता आला होता. त्यांनी तिच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला. मग म्हणाले, "पण ताई, मी पावडर लावत बसलो होतो, हे पण खरं हाय."

"त्याने काही फरक पडत नाही. चूक प्रोग्रामची."

"कशी काय प्रोग्रामची? अर्धा तास लावला मी. दोनदा पावडर पुसली."

"हऱ्या, उगाच मधे पडू नकोस. माझी चूक आहे."

म्हणजे भांडण मिटलं नाही, दोघांनी फक्त जागा बदलल्या. आता ती त्याची बाजू मांडायची आणि तो तिची, आणि दोघंही पूर्वीपेक्षा जास्त तावातावाने. काकी, म्हणजे ती चिखलाकडे बघून हसलेली नवरी, मला म्हणाली, आधीचंच बरं होतं, निदान पाठ झालं होतं.

आत्याने ती ओळ दुरुस्त केली आणि वर्षभराच्या भरतीच्या वेळा छापून खाडीच्या धक्क्यावर लावल्या. कुणीही पाहिल्या नाहीत. ज्यांना तिथीवरून पाणी कळतं त्यांना कागद कशाला लागतो. पहिला कागद पावसात गेला, दुसऱ्यात कुणीतरी मासळी बांधून नेली. ती न चुकता नवा लावायची. काका म्हणायचे, "ताईचा कागद जाड असतो, पापलेट नीट बांधता येतं."

आत्या दोन हजार एकोणीसच्या हिवाळ्यात गेली. फार अंथरुणाला खिळली नाही. तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत आटोपलं. मला ते बातमीसारखं नुसतं कळलं, खरं वाटलं नाही.

अस्थी होडीने नेऊन खाडीबाहेर समुद्रात सोडायच्या होत्या. आदल्या दिवशी हरेश्वरकाकांचा मला फोन आला. "उद्या पाणी कधी भरतंय ते ताईच्या मशीनला विचार," ते म्हणाले, "आणि कागद घेऊन ये. जाड."

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर सगळे जमले. काकांच्या नातवाने मोबाइलवर भरतीची वेळ काढून दाखवली; ती माझ्या कागदापेक्षा थोडी आधीची होती. होडीवाल्याचा स्वतःचा अंदाजही मोबाइलशी जुळत होता. तो निघायची घाई करायला लागला. काका मडकं मांडीवर घेऊन धक्क्यावर बसून राहिले.

"आजोबा, मोबाइल चुकेल का?" नातवाने विचारलं.

"मोबाइलवाल्याने कधी चूक कबूल केलीय?" काका म्हणाले. "हिने केलीय. मग दुरुस्त पण केलीय. मी हिचं ऐकणार."

सगळे ताटकळले. होडीवाला कुरकुरत बिडी ओढत बसला. कागदावरची वेळ झाली तसे काका उठले आणि आम्ही होडीत चढलो. खाडीच्या तोंडाशी होडीवाल्याने सवयीने खोली बघायला बांबू हातात घेतला. काकांनी तो परत खाली ठेवायला लावला. पाणी काठोकाठ होतं. होडी तळाला कुठेही न लागता बाहेर पडली आणि काकांनी मडक्यावरचा कपडा सोडला.

"ताई," ते मोठ्याने म्हणाले, "आज कुणाचे पाय भरले नाय गं."