धारचा अजू

आधीच सांगतो — अंगात येणं, भूतप्रेत, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. देवासला शाळेत गणित शिकवतो मी. देवीच्या टेकडीवर बायको दर्शनाला जाते, मी हवा खायला जातो… यावरून काय ते समजा.

मागच्या वर्षी पावसाळा सरताना मला टायफॉइड झाला. ताप उतरला, पण दुपारी डोळा लागला की भलतंच आयुष्य आठवायला लागायचं. स्वप्न नव्हे हं. आपल्याला आपलं बालपण आठवतं ना, अगदी तसं. तळ्यात सूर मारणं… मला तर पोहताच येत नाही. पाठीवरच्या जड पिठ्ठूचा पट्टा खांद्यात रुतणं. आणि बर्फ, उन्हानं डोळे दिपवणारा. मी माळव्याबाहेर फारसा गेलेलोही नाही.

"उठल्यावर माझ्याकडे असे बघता, जशी काही ओळखच नाही," बायको म्हणायची. डॉक्टर म्हणाले, कमजोरी आहे.

दिवाळीनंतर एका साखरपुड्याला धारला गेलो. धार तोवर मांडूला जाताना बसमधून पाहिलेलं, तेवढंच. जेवणं झाल्यावर तळ्याकडे फिरायला निघालो. पाण्यावर कलतं, पिवळसर ऊन होतं. बघता बघता वाटलं, इथे मी पोहलोय. मग पायच मला नेत गेले. एका गल्लीच्या तोंडाशी वर्दीतल्या तरुणाचा हार घातलेला फोटो होता. खाली नाव — अजित. चार-पाच वर्षांपूर्वी सरहद्दीवर लढताना गेलेला.

शेजारचा पानवाला आपणहून म्हणाला, "अपना अजू भिया! शेर था. डर नाम की चीज़ नहीं थी उसमें. वो नीला दरवाज़ा, उसी का घर है."

आणि मला ठाऊक होतं, की तसं नव्हतं.

निळ्या दाराशी साठीच्या एक बाई मेथी निवडत बसल्या होत्या. अजूची आई.

"कोण आपण?"

"काकू, मी देवासचा. अजूला मी कधी भेटलो नाही. पण… तो शेवटचा निघाला, त्या सकाळी तुम्ही पोळ्या लाटत होता. तो मागे येऊन म्हणाला, आई, मला भीती वाटते गं. तुम्ही वळून पाहिलं नाहीत."

त्यांच्या हातातली मेथी खाली पडली. मला वाटलं, आता हाकलतील. पण त्या म्हणाल्या, "वळले असते तर जाऊ दिलं नसतं त्याला. हे मी ह्यांनासुद्धा सांगितलेलं नाही. सगळा गाव त्याला शेर म्हणतो. मला मात्र पोलपाटाशी बसलं की तेच ऐकू येतं." मग अगदी हळू विचारलं, "शेवटी… घाबरला होता का हो तो?"

मी डोळे मिटले. बर्फ दिसला. आवाज कुठलाच नव्हता. अंग हलकं, पाण्यावर तरंगल्यासारखं. मी त्या आठवणीत सगळीकडे भीती शोधली.

"नाही, काकू. भीती नव्हती. तळ्यात उताणं पडून आभाळ बघावं ना, तसं वाटत होतं त्याला."

त्या पदर तोंडाला लावून रडल्या. मीही रडलो. मग उठून त्यांनी चहा टाकला. निघताना माझा हात धरून म्हणाल्या, "पुन्हा या. पण अजू होऊन नका येऊ हो. तुम्ही तुम्हीच या."

त्या दिवसापासून सगळं थांबलं. पुनर्जन्म म्हणावा, तर तो लढत होता तेव्हा मी देवासला फळ्यावर समीकरणं सोडवत होतो. तापातले भास म्हणावेत, तर पोळ्यांपाशी बोललेलं ते वाक्य माझ्याकडे आलं कुठून?

आम्ही नवरा-बायको आता अधूनमधून धारला जातो. काकू माझी तब्येत विचारतात, हिला पापड बांधून देतात. अजूचं मला आता काहीच आठवत नाही. कितीही डोळे मिटले तरी नाही. त्याची आठवण मात्र येते… ज्याला मी कधी पाहिलंसुद्धा नाही, त्याची.