आमच्या साडूंचा दवाखाना

आमच्या साडूंइतका शिकून वाया गेलेला माणूस सबंध यवतमाळ जिल्ह्यात दुसरा नसेल. आर्णीला ते लहान मुलांचे डॉक्टर होते. कापसाला कोणी विचारत नव्हतं, त्या वर्षांत गावातल्या दुकानदारांचीही तोंडं उतरलेली, आणि हे गृहस्थ नागपूरहून औषधांच्या खोक्यांबरोबर चित्रांच्या पुस्तकांचे गठ्ठे आणत. पोर लस टोचून घ्यायला आलेलं असो की नाक गळतं म्हणून, छाती तपासायच्या आधी हे त्याच्या हातात पुस्तक देणार, ते पान उलटतं का हे मन लावून पाहणार आणि जाताना पुस्तक घरी पाठवणार. बहुतेक पोरं पुस्तक आधी चाटून पाहत. तेवढ्यानेही साडू असे खुलत, की जणू पोर मॅट्रिक पास झालं.

एकदा घाटंजीकडचा एक बाप वैतागला. "डॉक्टरसाहेब, पोराले जुलाब होऊन राह्यले, अन् तुम्ही पुस्तक कायले देता?"

"जुलाबाचं औषध दिलं ना. हे रोज मांडीवर बसवून द्यायचं."

बाप पुस्तक बाकावर टाकून समोरच्या डॉक्टरकडे गेला. ते येईल त्याला सुई टोचत, म्हणून त्यांच्याकडे गर्दी. मेव्हणी रोज जेवताना हेच काढायची. साडू वरणभात कालवत ऐकून घेत. मीही समजावलं, "इथल्या आयांना अक्षरओळख नाही. त्या काय वाचणार?"

"चित्र तर दिसतं ना, भाऊ."

अशा माणसाशी काय बोलायचं?

एका पावसाळ्यात तांड्यावरची एक बंजारा बाई तापाने फणफणलेली मुलगी घेऊन आली. मुलीला ठेवून घ्यावं लागलं. ती सलाईनची सुई उपसायला बघे, कोणाला जवळ येऊ देईना. साडूंनी आईपुढे पुस्तक धरलं.

"मले वाचता येत नाही," ती ओशाळून म्हणाली.

"तुमच्या बोलीत सांगा. मला नाही कळलं तरी चालेल."

बाई आधी अडखळली. मग चित्रातल्या बैलांना तिने काय काय बोलायला लावलं कोण जाणे, मुलीची धडपड थांबली. शेजारच्या खाटेवरची बाईही कुशीवर वळून ऐकू लागली. मी साडूंचा जेवणाचा डबा घेऊन गेलेलो. एक शब्द कळत नव्हता, तरी शेवटपर्यंत दारातच उभा राहिलो.

मुलगी बरी होऊन घरी गेली. दवाखाना मात्र पुढे फार काळ चालला नाही, आणि मग साडूही गेले. ती गोष्ट कशाची होती, हे त्यांना विचारायचं राहूनच गेलं. त्यांना तरी कुठे कळली असणार म्हणा.