देवरामचे सात फोटो

देवराम गांगुर्डे कुठंही जावो, अगदी लग्नाला गेला तरी त्याच्या मागच्या खिशात पक्कड असायची. बायको अक्काबाई वैतागायची. "अहो, निदान हळदीला तरी ती घरी ठेवा," म्हणायची. हा नुसता हसायचा. कळवणकडच्या खेड्यातून विशीत नाशकात, सातपूरला आलेला माणूस. हेल्पर म्हणून लागला आणि बघता बघता डायसेटर झाला. डायसेटर म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा प्रेसमध्ये बसवणारा आणि प्रेस कुरकुरली तर तिचं दुखणं ओळखणारा. शेडमध्ये सहा प्रेस, सहाही त्याच्या हाताखालच्या. मालक पाहुण्यांना कौतुकानं सांगायचा, "आमचा देवराम नुसत्या आवाजावरनं सांगतो, कुठला बोल्ट ढिला आहे ते." ते खरंही होतं. म्हणूनच पुढं जे झालं त्याचा जास्त राग येतो. ज्याला कळत नाही अशा माणसाला माफ करता येतं हो.

खोट एकच. मालकासमोर तोंड उघडायची वेळ आली की या गड्याची जीभ टाळूला चिकटायची. बावीस वर्षांत त्यानं शेठला "नाही" हा शब्द ऐकवला नव्हता.

२००६च्या जूनमध्ये शेठनं एक जुनी पन्नास टनी प्रेस विकत आणली. तिच्या पुढ्यात लोखंडी जाळी होती. पेडल दाबलं की आधी जाळी खाली उतरायची. आत हात असला तर जाळी हाताला अडायची आणि प्रेस जागची हलायची नाही. चांगली सोय होती. पण जाळी वरखाली होण्यात वेळ जायचा आणि पाळीचा आकडा भरत नव्हता. शेठ म्हणाला, "देवराम, ती जाळी वर बांधून टाक."

"शेठ, ती..."

"दिवाळीची ऑर्डर आहे. नंतर सोडू."

झालं. देवरामनं बायंडिंगची तार घेतली, जाळी वर ओढली, ती खाली आल्यावर दबतो तो खटकाही दाबलेला राहील असे तारेला चार पीळ दिले आणि उरलेलं टोक पकडीनं छाटलं. काम नेहमीसारखं नीटनेटकं. त्या प्रेसवर बसायची विमलाबाई.

विमलाबाई त्याची मानलेली बहीण. नवरा गेल्यावर श्रमिकनगरच्या एका खोलीत ती एकटीच राहायची. बोलायला फटकळ, कामाला वाघीण. दर वर्षी देवरामला राखी बांधायची आणि भाऊबीजेला ओवाळायची. त्या वर्षी राखी बांधताना तिनं ओवाळणीचं पाकीट परत त्याच्या खिशात कोंबलं.

"दादा, हे नको मला. त्या प्रेसचं कायतरी कर. पेडलवर पाय नसताना आपोआप खाली येती ती. काल दोनदा आली."

प्रेस 'डबल मारते' म्हणतात ते हेच. आतली चावी झिजली की दणका एकाच्या जागी दोन पडतात, आणि दुसरा कधी पडेल ते कुणी सांगू शकत नाही. आठवड्यापासून देवरामला तो आवाज ऐकू येत होता. धाड, आणि मग उगीचच एक हलकी धाड. घरी जेवताना अक्काबाईनं पातेलं आपटलं तरी तो दचकत होता.

"बघतो," तो म्हणाला.

शेठकडं तो गेलाही. केबिनच्या दारात उभा राहिला. शेठनं वर बघितलं, "काय रे?" आणि हा म्हणाला, "काय नाय, ऑईल संपलंय." आता बोला!

रात्रभर तळमळून त्यानं एक युक्ती काढली. कारखाने तपासणाऱ्या सरकारी साहेबाला तारेचा फोटो द्यायचा. फोटो बोलेल, आपल्याला बोलायला नको. मोबाइल त्याच्याकडं साधा, नुसता फोन करायचा. रोलचा कॅमेरा घेतला तर रोल धुणारा सगळं बघणार आणि गावभर करणार. मग राहिला डिजिटल.

सातपूरच्या कारखान्यांना शनिवारी सुट्टी. शनिवारी तो बसनं महात्मा गांधी रोडला उतरला आणि एका दुकानात शिरला. काउंटरवरच्या किशोर नावाच्या पोरानं त्याच्याकडं नीट पाहिलं, शर्टावरचे ग्रीसचे डागही पाहिले आणि तीन छोटे कॅमेरे समोर मांडले.

"कशासाठी हवाय काका? ट्रिप, बारसं, काय?"

"घरी. रोजच्या वापराला."

"मग हा घ्या. सात मेगापिक्सल."

"ते जास्त असलं की काय होतं?"

"फोटो मोठा छापता येतो. तुम्हाला काय पोस्टर लावायचंय का सीबीएस स्टँडवर? नाही ना? मग चार मेगापिक्सल भरपूर झाले. उगाच पैसे घालवू नका."

देवरामला पोरगा आवडला. पण त्याचे प्रश्न ऐकून किशोरच बुचकळ्यात पडला. जेवणाच्या डब्यात मावेल का? फ्लॅश बंद होतो का? खटका वाजतो, तो गप्प करता येतो का? शेडमध्ये... म्हणजे घरात, अंधारात, जवळची बारीक वस्तू स्पष्ट येईल का?

"काका, बारसं आहे की हेरगिरी?" किशोर हसला. देवरामला हसू आलं नाही.

चपटा, चकचकीत कॅमेरा सगळ्यात देखणा होता. पण त्याला त्याच्याच कंपनीची बॅटरी लागायची आणि चार्जर वेगळा. बॅटरी मेली तर आणायची कुठून? दुसऱ्याला झूम लांबलचक, पण तो डब्यात मावेना. तिसरा जरा जाडजूड, बुटका, चार मेगापिक्सलचा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. फुलाचं चित्र असलेलं बटण दाबलं की वीतभर अंतरावरचंही स्पष्ट दिसायचं. किशोरनं काउंटरवरच्या टाचणीचा फोटो काढून दाखवला, टाचणीचं डोकंसुद्धा दिसलं.

"पेन्सिल सेल कुठंबी मिळतात," देवराम स्वतःशीच म्हणाला. "हाच द्या. आणि फोटोवर तारीख येती का?"

"येते की. कोपऱ्यात छापून येते. हे बघा, आजची लावून दिली. आता बघायलाच नको."

तारखेसाठीच तर हा सगळा खटाटोप होता. कुठल्या दिवशी जाळी बांधलेली होती ते साहेबाला दिसलं पाहिजे. अगदी विचारपूर्वक, चार गोष्टी पारखून घेतलेला कॅमेरा होता तो. घरी येताना बसमध्ये देवरामला कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं.

आता त्याच्या घरातली एक रीत सांगितली पाहिजे. गावाकडं त्याचा बाप हातातली बॅटरी वापरून झाली की आतले सेल काढून ठेवायचा. आत राहिले तर उतरतात, म्हणायचा. उतरलेच तर उन्हात ठेवायचे, पुन्हा थोडे चढतात. देवरामच्या घरी रेडिओचे सेल, भिंतीवरच्या घड्याळाचे जुने सेल, सगळे खिडकीत ओळीनं ऊन खात पडलेले असायचे. कॅमेऱ्याचे सेल तर फारच लवकर उतरत होते. मग काय, घरी आणल्या दिवसापासूनच, वापर झाला की सेल खिडकीत आणि रिकामा कॅमेरा तांदळाच्या डब्यात. आठवडाभरानं सेल घातले की पडद्यावर इंग्रजीत काहीतरी यायचं. देवराम ओके दाबायचा आणि ते जायचं.

पहिला शुक्रवार. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर कडुलिंबाखाली. देवराम एकटा आत. त्यानं डब्यातून कॅमेरा काढला, फुलाचं बटण दाबलं आणि तारेचे चार पीळ पडद्यावर आणले. माणूस कुणी नको, यंत्राचा नंबर नको, नाहीतर कुणी काढला ते शेठला लगेच कळेल. फक्त तार आणि जाळीचा कोपरा. हात इतके कापत होते की पाच मिनिटं गेली. मग एक फोटो आला.

सोमवारी साहेबाकडं द्यायचा ठरला होता. सोमवारी त्याला वाटलं, एकच फोटो आहे, एका फोटोनं काय सिद्ध होतंय? आणखी एक असू दे.

दुसऱ्या शुक्रवारी दुसरा. गणपतीत तिसरा. प्रेस आता दिवसातून चारदा आपोआप खाली येत होती. विमलाबाई माल आत ठेवायची आणि हात असा मागं ओढायची की जणू तव्यावरचा. "दादा, बघितलंस का रे?" तिनं दोनदा विचारलं. "चाललंय, चाललंय," देवराम म्हणाला. तिनं विश्वास ठेवला. का ठेवू नये? बावीस वर्षांचा सेटर होता तो.

पितृपक्षात चौथा, पाचवा, सहावा झाला, पण या दिवसांत साहेबाकडं जायला नको म्हणून तो थांबला, मग नवरात्रात सातवा झाला. फोटो जमत गेले आणि सोमवार जात गेले.

खंडेनवमीला शेडमध्ये यंत्रांची पूजा झाली. प्रत्येक प्रेसला झेंडूची माळ घातली. त्या प्रेसची माळ कुठं अडकवावी कळेना, म्हणून विमलाबाईनं ती देवरामच्याच तारेला अडकवली. उजव्या हाताच्या अनामिकेनं कुंकू घेतलं आणि प्रेसच्या कपाळावर लावलं. "सांभाळ गं बाई," ती प्रेसला म्हणाली आणि सगळे हसले. देवरामनं मान फिरवली.

चौथ्या दिवशी, गुरुवारी दुपारी तीनच्या सुमाराला, देवराम शेडच्या दुसऱ्या टोकाला डाय घासत होता. धाड. आणि मग ती दुसरी, हलकी धाड. आवाजावरनं सगळं ओळखणारा माणूस तो. किंकाळी यायच्या आधीच त्याच्या हातातली कानस गळून पडली होती.

उजव्या हाताची तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली.

संध्याकाळी देवराम दवाखान्यातून शेडवर परतला तर जाळी खाली, जागेवर, आणि तार नाहीशी. शेठनं स्वतः काढली होती. चौकशीला साहेब आले तेव्हा शेठ शांतपणे म्हणाला, "जाळी कायम खालीच असते साहेब. बाईंनीच उचलली असणार." ते खरं ठरलं असतं तर दोष विमलाबाईचा. भरपाई जेमतेम, आणि तीन बोटं गेलेल्या बाईला पुन्हा काम कोण देणार? बाकीचे कामगार जमिनीकडं बघत उभे.

देवरामनं पाकीट पुढं केलं. आता गावभर झालं तरी चालेल म्हणून आदल्या दिवशी त्यानं किशोरकडून फोटो छापून आणले होते. पाकीट मात्र उघडलं नव्हतं. ती तार त्याला बघवत नव्हती.

साहेबांनी सात फोटो टेबलावर मांडले. बराच वेळ बघितले. माणूस सरळ होता, आवाजही मऊ होता. "हे कधी काढलेत?"

"दर शुक्रवारी साहेब. तारीख हाय त्याच्यावर."

साहेबांनी एक फोटो त्याच्याकडं फिरवला. कोपऱ्यात नारिंगी अक्षरांत छापलेलं होतं, ०१/०१/२००५. दुसऱ्यावर तेच. तिसऱ्यावर तेच. सातही फोटो एकाच दिवसाचे, आणि त्या दिवशी ही प्रेस नाशकात आलेलीसुद्धा नव्हती. शेठनं जूनचं बिल टेबलावर ठेवलं.

"सेल काढून ठेवत होतात का?" साहेबांनी विचारलं. "सेल काढले की यातलं घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं."

देवरामच्या डोळ्यांपुढं खिडकीतले सेल आले. त्याला ओरडावंसं वाटलं, रडावंसं वाटलं.

"बरं, फोटो राहू द्या," साहेब म्हणाले. "तुम्ही इथले सेटर. तुमच्या माहितीत जाळी कुणी बांधली होती का?"

शेठ खुर्चीत जरासा पुढं सरकला. तेवढंच.

"ठाऊक नाय साहेब," देवराम म्हणाला.

भाऊबीजेला जाऊ नये असंच त्याला वाटत होतं. अक्काबाईनं ढकलून पाठवलं. विमलाबाईनं पाट मांडला होता. उजव्या हाताला पांढरं बांधलेलं. ताट स्टुलावर ठेवून तिनं डाव्या हातानं निरांजन उचललं आणि वाकडंतिकडं ओवाळलं. कुंकू डाव्या अंगठ्यानं लावलं, ते भुवईवर ओघळलं. देवराम खाली मान घालून बसला होता.

"सात फोटो काढलेस म्हणं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"हं."

"एकेकाला किती वेळ लागायचा?"

"पाच मिनिटं. हात कापायचे माझे."

"आणि पक्कड कुठं असायची?"

देवरामचा हात आपोआप मागच्या खिशाकडं गेला.

"तार सोडायला किती वेळ लागला असता, दादा?"

खोलीत निरांजन तेवढं जळत होतं. बाहेर पोरं फटाके उडवत होती आणि प्रत्येक आवाजाला ती बांधलेला हात छातीशी ओढून घेत होती.

"अर्धं मिनिट," देवराम म्हणाला.

विमलाबाईनं मान हलवली. मग फराळाची ताटली डाव्या हातानं त्याच्यापुढं सरकवली. "खा," म्हणाली.

बुधवारी साहेबांची कचेरी उघडली तेव्हा देवराम दारातच उभा होता. कॅमेरा आणला नव्हता, पक्कडही घरी ठेवली होती. साहेबांनी ओळखलं. "काय हो, आणखी फोटो सापडले का?"

"नाय साहेब," तो म्हणाला. "तार मी बांधली होती. माझं नाव लिहून घ्या."