मामंजींचा उकडलेला चष्मा

आता तुम्ही हसणार, मला ठाऊकच आहे. हसा की! फक्त तेवढा चहाचा कप खाली ठेवा, नाहीतर ठसका लागेल आणि तेही माझ्याच नावावर जाईल.

नुकतंच लग्न होऊन मी कोल्हापुरात आले होते. आमच्या गल्लीत तेव्हा गॅस नव्हता, सगळा कारभार स्टोवर. मामंजी, म्हणजे माझे सासरे, शाळेत ड्रॉइंग मास्तर. पट्टी न लावता फळ्यावर सरळ रेघ मारणारा माणूस! दारातल्या रांगोळीचा एक ठिपका हलला तरी त्यांना चैन पडायचं नाही. पण ही सगळी नजर त्या नाकावरच्या जाड चष्म्याची हो. तो काढला की समोर म्हैस उभी आहे का माणूस, हे दुसऱ्याला विचारून घ्यायचे.

आणि खरं तर म्हशीपासूनच सगळं रामायण झालं. मामंजी रोज सकाळी गवळ्यांच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायला जायचे. गवळी समोरच धार काढणार, फेसानं भरलेला पेला हातात देणार, मामंजी तो तोंडाला लावणार. फेस नाकापर्यंत, तुषार चष्म्यावर! मग घरी येऊन धोतराच्या सोग्यानं काचा पुसायचे. पुसायचे कसले? होता तो ओशटपणा सगळीकडे सारखा फासायचे.

त्या दिवशी माझ्या नणंदेला, शालनला, बघायला कागलचे पाव्हणे यायचे होते. मुलगा बँकेत. शालननं त्याला मैत्रिणीच्या लग्नात आधीच हेरून ठेवलेला.

"वैनी, ह्यो हातचा गेला तर मी परत कुणाम्होरं पोह्याची बशी घेऊन जायची न्हाय! सांगून ठेवते."

आता मी नवी सून. घरात पाव्हणे येणार. अंगात उत्साह किती असावा माणसाच्या? पितळी डबे घासले, समया घासल्या, दाराच्या कड्याकोयंड्यांनासुद्धा चिंच लावली. दुपारी मामंजी जरा आडवे झाले होते. उशाशी चष्मा. सहज उजेडात धरून बघते तर काय, काचेवर चक्क साय! म्हटलं, या चष्म्यातून जावई बघायचा?

आणि मग माझं डोकं चाललं. तेच चालायला नको होतं!

मला सांगा, दुधाची चरवी आपण कशी धुतो? गार पाण्यानं ओशट जातं का? नाही ना? सोडा घालून उकळतं पाणीच लागतं. मग दूध तेच, ओशट तेच, चष्म्यानं काय घोडं मारलंय? स्टोवर चरवीसाठी पाणी उकळतच होतं. दिला चष्मा सोडून त्यात, आणि गेले कांदा चिरायला.

येऊन बघते तर काचा अशा लखलखीत, काय विचारू नका! पण सांडशीनं दांडी धरून उचलला, तर दांडी शेवयासारखी लोंबायला लागली. अगं बाई! फ्रेम प्लास्टिकची, हे माझ्या ध्यानातच नाही. घाबरून इकडून ओढली, तिकडून दाबली, शेवटी पाटावर ठेवून वरून पोळपाटानं दाबून धरला. गार झाला तेव्हा एक काच कपाळाकडे, एक गालाकडे, आणि तसाच कडक!

तेवढ्यात दारातून हाक आली, "मास्तर, हाईसा काय घरात?"

मामंजी दचकून उठले. "सूनबाई, चष्मा कुठाय माझा?"

मी दिला. तोंड उघडणार, तोवर सासूबाईंनी दंडाला धरून आत ओढलं. "पाव्हणं दारात आलं, आणि तुझ्या गप्पा कसल्या? पोहं बघ आधी!"

मग काय, पडद्याआडून बघत बसले. मामंजींनी चष्मा घातला, डोळे मिचकावले, आणि पहिल्यांदा भिंतीवरच्या सगळ्या तसबिरी 'सरळ' केल्या. म्हणजे वाकड्या केल्या. मग पाव्हण्यांसमोर बसून मान डाव्या खांद्यावर टाकली. मान वाकडी केली की चष्मा सरळ व्हायचा ना! काचा इतक्या स्वच्छ, की चष्म्यावर संशय घेणार कोण?

मुलाचे वडील म्हणजे आडदांड माणूस. "मास्तर, मान धरलीया काय?"

"छे, छे. चिरंजीव जरा सरळ बसतील का?"

पोरगं बिचारं सरळच होतं. ते आणखी ताठलं.

"अजून थोडं... माझ्या बाजूला. अजून थोडं..."

ते इतकं कललं, की आता खुर्चीवरून पडतंय.

"हां! आता बसलात बघा नीट."

पाव्हण्यांचा चेहरा लाल. "मास्तर, काय ते स्पष्ट बोला. आमच्या पोरात काय खोट हाय?"

"खोट म्हणजे... डावा खांदा किंचित उतरलाय." ड्रॉइंग मास्तर! रेघेच्या बाबतीत खोटं बोलणार कसे?

"उतरलाय? तालमीत घुमून कमावलेला खांदा हाय त्यो! घरातनं निघताना सरळ हुतं, तुमच्या खुर्चीत बसून वाकडं झालं व्हय? ऊठ रं, चपला घाल!"

शालन माझ्या शेजारी बशी घेऊन उभी. डोळे भरलेले. म्हटलं, जाऊ दे अब्रू. पदर सावरला आणि थेट बैठकीत.

"पाव्हणं, थांबा! खांदा सरळ हाय. चष्मा वाकडा हाय. मी उकडला!"

मुलाचे वडील एक चप्पल पायात घालून तसेच वळले.

"काय केलं म्हणालीस, बाई?"

"उकडला. सोडा घालून. चरवी धुतात तसा."

पाव्हण्यांनी मामंजींच्या नाकावरून चष्मा काढला, स्वतःच्या नाकावर चढवला. मान आपोआप डावीकडे गेली. पोराकडे बघितलं, आणि मांडीवर थाप मारून असे हसायला लागले, की शेजारचे दारात जमले. "आयला, खरंच वाकडं दिसतंय की बेणं!"

मामंजी तर बिनचष्म्याचे, भलतीकडेच बघून हसत होते.

मग काय विचारता! शालन बाहेर आली, पोहे झाले, दोनदा चहा झाला. उठताना पाव्हणे म्हणाले, "पोरगी पसंत. देण्याघेण्याचं नावसुदिक काढू नका. फकस्त एक सांगा, मास्तर. पोरीला घरकाम कुणी शिकवलं? ह्या वैनीनं न्हाय न्हवं?"

सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे. मी मोठ्या आशेनं शालनकडे बघितलं. जिच्यासाठी चारचौघांत अब्रू घालवली, ती निदान एक शब्द तरी बरा बोलेल की नाही?

शालन खाली मान घालून, अगदी लाजत, पण खणखणीत आवाजात म्हणाली, "छ्या! वैनीला आम्ही अजून गवारसुद्धा निवडाय देत न्हाय."