मडमची सोबत

लग्न होऊन वाशीमला आले तेव्हा वाटलं होतं, आमच्या आसेगावपेक्षा मोठं गाव, मोकळं वाटेल. कसचं मोकळं! गावाच्या कडेला भाजीचा मळा, मळ्याला लागून घर, घरभर माणसं आणि माझा म्हणावा असा एक कोपरा नाही. परसाकडे जायचं तरी जाऊबाई सोबतीला. नव्या सुनेला एकटीला कुठे सोडायचं नाही, ही रीतच होती. जीव गुदमरायचा. रडायला तर रोज यायचं, पण चुलीच्या धुराच्या नावावर जेवढं खपेल तेवढंच रडता यायचं.

सत्तर-बहात्तर साल असेल. त्या हिवाळ्यात सासऱ्यांनी रस्त्याकडची खोली एका परदेशी बाईला भाड्याने दिली. उंच, पांढऱ्या केसांची, साठीच्या पुढची. तिकडे आयुष्यभर नर्स होती, आणि म्हातारपणी बिनपगारी सेवा करायची म्हणून आमच्या गावच्या बाळंतिणींच्या दवाखान्यात आली होती. सगळे तिला मडम म्हणत. सासूबाईंच्या गळी ते सेवेचं काही उतरलं नाही. म्हणाल्या, "या वयात कोनी घर सोडते काय? बिचारीचं कोनी नसन."

पहिल्याच दुपारी मडम दवाखान्यातून आली आणि तिने आतून कडी लावली. घरात एकदम चुळबुळ सुरू झाली. आमच्याकडे दिवसाढवळ्या दार लावून बसतं ते फक्त दुःखातलं माणूस, आणि दुःखातल्या माणसाला एकटं ठेवणं म्हणजे पाप. सासूबाईंनी दार ठोठावलं. "रडून राह्यली असन वं ती. चाला, बसा तिच्यापाशी."

मग काय, मेथीच्या जुड्या घेऊन बायका भिंतीला टेकून बसल्या त्या बसल्याच. मडम जेवायची ते बघायच्या, केस विंचरायची ते बघायच्या. "लेकरं किती? नाईत? काहून नाईत?" रात्री चुलतसासू तिच्या खोलीत अंथरूण टाकून घोरायच्या. सात समुद्र ओलांडून बाई आली होती आणि आमच्या घरात तिला कूस बदलायची चोरी. बिचारी सुकत चालली. एका दुपारी सगळ्यांच्या देखत ती ढसाढसा रडली.

"पाह्य, मी म्हटलं होतं न? तिले घरची याद येऊन राह्यली," सासूबाई म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून सोबतीला शेजारच्याही दोघी वाढल्या. दुखणं एकीकडे आणि औषध दुसरीकडे.

बाजाराच्या दिवशी सगळ्या कामात होत्या. सासूबाईंनी मला पिटाळलं, "जाय वं, तू बस मडमपाशी." मी आत गेले. मला बघून मडमने डोळे मिटले. मग चक्क हात जोडले आणि तुटक्या हिंदीत म्हणाली, "थोडा देर... अकेला."

मला कोणी समजावून सांगायची गरजच नव्हती. पण मी बाहेर गेले असते तर माझ्या जागी दुसरी आली असती. म्हणून मी आतूनच कडी लावली आणि तिच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसले. मागे खाट करकरली. मडम आडवी झाली होती. थोड्या वेळाने मी डोक्यावरचा पदर खाली घेतला आणि पाय लांब केले. लग्नानंतर पहिल्यांदाच मला कोणी बघत नव्हतं.

संध्याकाळी मी बेधडक थाप मारली. "आत्याबाई, लई माणसं पाह्यली का तिचा जीव घाबरते. मी एकटीच बसत जाईन." सासूबाईंना ते पटलं. सुनेला मडमची भाषा कळते म्हणून त्या शेजारणींत मिरवूही लागल्या. भाषा कसली, आम्ही बोलतच नव्हतो! रोज दुपारी दोघी एकमेकींकडे पाठ करून गप्प. कधी मी झोपायची, कधी मनसोक्त रडायची, कधी नुसती छताकडे बघायची. त्या दुपारच्या जोरावर मी बाकीचा दिवस ढकलायची. मडम परत गेली तर माझं काय होईल, ही एकच भीती असायची.

मडम कुठे गेली नाही. उलट ती रुळली. दवाखान्यातल्या बायकांकडून आमची बोली शिकली, ठेचा खाऊ लागली, रात्रीच्या चुलतसासूंना तिनेच हसत-हसत घरी पाठवलं. उन्हाळा लागता-लागता दुपारी तिच्या दाराची कडी लागेनाशी झाली.

एक दिवस मी नेहमीसारखी तिच्या खोलीकडे निघाले, तर मडम आधीच अंगणात बायकांच्या घोळक्यात पोत्यावर बसून सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होती. सासूबाईंना म्हणाली, "मले आता कोनाची सोबत नाई लागत, बाई. सूनबाईले कायले पाठवता? तिचा टाइम जाते." तिची बोली ऐकून सगळ्या खदखदून हसल्या. सासूबाई तर निहाल झाल्या.

मला तिचा राग आला. तिने माझ्या भल्यासाठीच तोंड उघडलं होतं, तरी आला. अजूनही येतो.

समोर तिची खोली सताड उघडी होती, खाट रिकामी. मी खोली आणि घोळका यांच्या मध्ये उभीच राहिले. मडमचं माझ्याकडे लक्ष गेलं. तोंडभर हसून ती सरकली आणि शेजारच्या पोत्यावर हात थोपटत म्हणाली,

"एकटी कायले उभी वं? ये, बस इथं."

मी डोक्यावरचा पदर नीट केला आणि जाऊन बसले.